फराळ द्या, फोटो आवरा

महोदय,

यंदा दिवाळीत आमच्या सोसायटीतील मंडळींनी शेजारच्या बांधकामावरील मजुरांच्या मुलांना फराळ, उटणे आणि नवे कपडे दिले. कपडे मापाचे होते, हे विशेष. एरवी अशा वेळी कपाटातले नकोसे झालेलेच बाहेर निघते! आकाशकंदिलासाठी कागद-काड्याही दिल्या, मुले त्यातच जास्त रमली.

घरी फराळ करणे जमत नसेल, तर दि पूना मर्चंट्स चेंबर दरवर्षी ना नफा ना तोटा तत्त्वावर लाडू-चिवडा विकते. तो मंडळांनी घ्यावा. मात्र वाटप वसुबारसेपर्यंत उरकावे. भाऊबीज उलटल्यावर करंज्या देऊन काय उपयोग? आणि पोरांना रांगेत उभे करून, हाती पाकीट देऊन फोटो काढणे कृपया थांबवा.

— एक वाचक, कोथरूड, पुणे