हेमिंग्वेच्या पावसाबद्दल मॅडमना आभाराचं पत्र

आदरणीय मॅडम,

सादर नमस्कार.

एम.ए.चा निकाल लागला तेव्हा फोन केला होता, पण बँकेच्या काउंटरमागून आभार मानायचे म्हणजे दोन वाक्यांत उरकायचं. म्हणून हे पत्र, आणि तेही सगळ्यांसमोर. नोकरी सांभाळून बाहेरून परीक्षा देणारी माझ्यासारखी बरीच मंडळी आहेत, त्यांच्याही कामी येईल.

हेमिंग्वेची ‘अ फेअरवेल टू आर्म्स’ (१९२९) अभ्यासाला होती. पहिल्या महायुद्धातली इटलीची आघाडी, रुग्णवाहिका पथकातला अमेरिकन लेफ्टनंट फ्रेडरिक हेन्री आणि ब्रिटिश नर्स कॅथरीन बार्कली. कुठलंही गाइड उघडा, उत्तर तयार असतं: पाऊस म्हणजे मृत्यू. कॅथरीन स्वतःच सांगते की तिला पावसाची भीती वाटते, कारण त्या पावसात कधी कधी ती स्वतःला मेलेली पाहते. विषय संपला. तुम्ही मात्र विचारलंत, “ते राहू दे. पाऊस पडल्यावर रस्त्याचं काय होतं, ते सांग आधी.”

रस्त्याचा चिखल होतो. इटलीच्या सैन्याच्या माघारीच्या प्रकरणांत हेन्रीच्या गाड्या मुख्य रस्त्यावरची कोंडी टाळायला आडवाटेला लागतात आणि रुततात. चाकांखाली घालायला झुडपं तोडायची असतात. सोबतचे दोन सार्जंट मदत न करता चालू लागतात आणि हेन्री त्यांच्यावर गोळ्या झाडतो. एक पडतो. गाड्या सोडून पायी जाताना स्वतःच्याच सैन्याच्या गोळीने हेन्रीचा ड्रायव्हर आयमो मरतो. पुढे ताल्यामेंतो नदीच्या पुलाशी इटलीचेच सैनिक माघार घेणाऱ्या अधिकाऱ्यांना बाजूला काढून गोळ्या घालताहेत, आणि हेन्री फुगलेल्या नदीत उडी मारतो. पाऊस नसता तर गाडी रुतली नसती, आणि पुढचं यातलं बरंचसं टळलं असतं. पाऊस इथे आधी काम करतो, अर्थ त्याला मागाहून येतो. हे तुम्ही सांगितलं नाहीत, माझ्याकडून काढून घेतलंत.

मग जुन्या कॅलेंडरच्या पानामागे तुम्ही नकाशा काढायला लावलात. इसोन्झो आणि ताल्यामेंतो या नद्या, गोरित्सिया आणि उदिने ही शहरं. डोंगर तपकिरी, सपाटी हिरवी. कार्लोस बेकर या समीक्षकाने १९५२ मध्ये मांडणी केली होती की या कादंबरीत डोंगर म्हणजे घर आणि शांती, सपाटी म्हणजे युद्ध आणि मरण. मला ती फार पटली होती. तुम्ही पेन्सिलीचं टोक कापोरेत्तोवर ठेवलंत. २४ ऑक्टोबर १९१७ ला इटलीची आघाडी फुटली आणि ती माघार सुरू झाली ती तिथे, तपकिरी रंगात, धुक्यात आणि पावसात. बेकर बाद झाला असं नाही, पण त्याला किती ताणायचं ते कळलं. आणि हेमिंग्वे इटलीत पोहोचला जून १९१८ मध्ये, म्हणजे त्या माघारीतला पाऊस त्याने स्वतः अंगावर घेतलाच नव्हता! पियावे नदीकाठी जुलैत तो जखमी झाला तेव्हा एकोणिसाव्या वाढदिवसालाही काही दिवस बाकी होते.

सगळ्यात मोठं ऋण मात्र पहिल्या प्रकरणाचं. शेवटचं पान वाचून झाल्यावर तुम्ही मला लगेच पहिल्या पानावर पाठवलंत. जेमतेम दोन पानांचं प्रकरण. पावसात सैनिक चाललेत, काडतुसांच्या पेट्या पट्ट्याला पुढे बांधलेल्या, वरून ओले झगे. पोटं अशी पुढे आलेली की सगळे सहा महिन्यांचे गरोदर वाटावेत. पहिल्या वाचनात मी तिथे हसले होते. बाळंतपणात कॅथरीन जाते हे ठाऊक झाल्यावर ते वाक्य वाचवेना. आणि त्याच प्रकरणाच्या शेवटी पावसाबरोबर कॉलरा येतो, तो आटोक्यात येतो, सैन्यात ‘फक्त’ सात हजार माणसं मरतात. त्या ‘फक्त’खाली तुम्ही दोन रेघा मारल्या होत्या.

आपल्याला पाऊस म्हटलं की भजी, शाळेची सुट्टी, पेरण्या, फार तर विरह. मराठी वाचकाला हा पाऊस परका वाटणारच. पण हेमिंग्वेसुद्धा एकसुरी नाही. माज्जोरे सरोवरातून रात्रभर वल्ही मारून हेन्री आणि कॅथरीन पळून स्वित्झर्लंडला पोहोचतात तेव्हा तिथेही पाऊसच असतो, आणि इटलीत असा पाऊस कधी नव्हता, हा आनंदी पाऊस आहे, असं त्यांचं बोलणं होतं. पुढे मोंत्रोच्या वरच्या डोंगरात बर्फातले सुखाचे महिने जातात. मार्चमध्ये पाऊस लागतो, बर्फाचा राडा होतो, दोघं इस्पितळाच्या सोयीसाठी लोझानला उतरतात. तिथे बाळ मृत जन्मतं, ती रक्तस्रावाने जाते, आणि हेन्री पावसातून हॉटेलवर परततो. तोंडी परीक्षेत मला नेमका पावसावरच प्रश्न आला. मी आनंदी पावसापासून सुरुवात केली, तेव्हा समोरच्या बाईंनी चष्मा काढून ठेवला आणि पुढे चांगली चर्चा झाली.

त्या शनिवार दुपारच्या शिकवणीचे तुम्ही एक पैसा घेतला नाहीत. पाकीट पुढे केलं तर रागावलात आणि वर चहा पाजलात. हे इथे लिहिल्याबद्दलही रागवाल, पण आता इलाज नाही.

छत्रीबद्दल मात्र आपलं अजून जमलेलं नाही. हॉटेलच्या पोर्टरकडून घेतलेली ती मोठी छत्री हेन्री नावेत शीड म्हणून उघडतो, वारा ती उलटी करून फाडतो आणि कॅथरीन हसत सुटते. तुम्ही म्हणता तो अपशकुन आहे. मला ती नुसती गंमत वाटते, लेखकाने त्या दोघांना दिलेली. दिवाळीनंतर येते, तेव्हा भांडू.

तुमची,
शनिवारची विद्यार्थिनी