नववी ‘ब’च्या वर्गशिक्षिका बाईंना

बाई, सप्रेम नमस्कार.

तोतरेपणासाठी येणारी मुलं आमच्याकडे आठवड्यातून जेमतेम पाऊण तास असतात, बाकीचा आठवडा शाळेच्या हाती. म्हणून हे पत्र.

हजेरी घेताना तुमच्या वर्गातल्या, आमच्याकडे येणाऱ्या मुलाच्या नावापाशी तुमचं पेन थांबायचं. ‘हजर’मधला ‘ह’ निघेपर्यंत तुम्ही नजर वळवली नाहीत, ‘हं, बोल बोल’ केलं नाहीत, शब्द त्याच्या तोंडचा काढून घेतला नाहीत. दुसऱ्याने शब्द पुरा केला की मुलगा पुढच्या वेळी तो शब्दच टाळतो. चौदा-पंधराव्या वर्षी हे टाळणं इतकं सफाईदार होतं, की उत्तर येत असूनही ‘माहीत नाही’ म्हणून तो खाली बसतो. हजेरीत आणि स्वतःच्या नावाला मात्र बदली शब्द चालत नाही, म्हणून जास्त अडतं ते तिथेच.

आधीच्या शाळेने त्याला प्रकट वाचनातून वगळलं आणि वर त्याला सवलत म्हटलं! ‘दीर्घ श्वास घे, मग बोल’ हा सल्लाही तिथलाच. छाती भरून घेतलेला श्वास मुलं रोखून धरतात, गळा आवळतो, शब्द आणखी रुततो. श्वास साधाच घ्यायचा, तो सुटू लागला की आवाज काढायचा. ‘प’, ‘ब’ला ओठ नुसते टेकवायचे, दाबायचे नाहीत. अडकलंच तर मागे न फिरता त्याच आवाजावर ताण सैल करायचा आणि ‘मऽऽऽराठी’ असं पुढे सरकायचं. हे आम्ही शिकवलं, वापरायला जागा तुम्ही दिलीत. (वेखंड चाटवा, जिभेखालचा पडदा कापा म्हणणारे नातेवाईक निराळेच. त्या पडद्याचा तोतरेपणाशी संबंध नसतो.)

शेजाऱ्याबरोबर एका सुरात धडा वाचायला लावलात, ते कुणी सुचवलं होतं? जोडीने वाचताना बहुतेकांचं अडखळणं जवळजवळ थांबतं. बाकांच्या क्रमाने न जाता त्याला सुरुवातीलाच उठवलंत, तेही शहाणपणाचं. पाळीची वाट बघणंच या मुलांना पिळून काढतं. भलेपणा शिबिरं भरवून येत नाही, पण एकात असला की न दटावता वर्ग हसायचा थांबतो.

दहावीला भाषेच्या अंतर्गत मूल्यमापनाच्या २० गुणांत भाषणही येतं. गुण आशयाला द्यावेत, वेगाला नकोत. जास्त वेळ हवा की वर्गाबाहेर बोलायचंय, हे आधी त्यालाच विचारावं. तुम्ही विचारालच म्हणा.

आपली,
त्याची स्पीच थेरपिस्ट