कोमितास आणि २४ एप्रिल

२४ एप्रिल हा आर्मेनियन लोकांचा स्मृतिदिन. १९१५ साली त्या रात्री कॉन्स्टँटिनोपलमध्ये, म्हणजे आजच्या इस्तंबूलमध्ये, ऑटोमन (तुर्की) सरकारने आर्मेनियन लेखक, संपादक, डॉक्टर, धर्मगुरू यांना घरांतून उचलले. त्यांतले बहुतेक पुढे मारले गेले. त्यांच्यात कोमितास हा धर्मगुरू संगीतकारही होता. गावोगाव हिंडून त्याने शेतकऱ्यांची, बायकांची गाणी टिपून घेतली होती. आपल्याकडे जात्यावरच्या ओव्या गोळा करणाऱ्यांना त्या कामाचे मोल सांगायला नको. काही दिवसांनी त्याला सोडले, पण मन कायमचे मोडले. अखेरची वर्षे मनोरुग्णालयांत काढून १९३५ साली तो पॅरिसमध्ये वारला.

बायका, मुले, म्हातारे यांना सीरियाच्या वाळवंटाकडे, देर एझ-झोरच्या दिशेने पायी हाकलले गेले. भूक, तहान आणि कत्तल यांत किमान सहा लाख, अनेक अभ्यासकांच्या मते दहा लाखांहून अधिक माणसे गेली. १८९४ ते ९६ या काळात सुलतान दुसऱ्या अब्दुल हमीदच्या राजवटीतही मोठ्या कत्तली झाल्या होत्या, हेही विसरू नये.

तुर्कस्तान आजही याला वंशसंहार म्हणायला तयार नाही. पण १९१९ साली कॉन्स्टँटिनोपलमधल्याच लष्करी न्यायालयाने हद्दपारीचे हुकूम देणारा तेव्हाचा गृहमंत्री तलात पाशा याला, तो पळून गेलेला असताना, मृत्युदंड ठोठावला होता! आपल्या शालेय इतिहासात पहिले महायुद्ध शिकवताना या लोकांसाठी निदान एक परिच्छेद हवा, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

– एक निवृत्त शिक्षिका, सातारा