जुना पार्ट

प्रिय चिमे,

सहा महिने झाले, पत्र नाही, फोन नाही, तुझ्या दोन लांबलचक मेसेजना मी नुसते अंगठे पाठवले, आधी मनसोक्त शिव्या घाल आणि मग पुढे वाच. इकडे तब्येती ठीक. आईचा गुडघा तसाच, बाबांचं बीपी गोळ्यांवर. झालं.

आता गाडी. महिन्यापूर्वी पन्नासच्या वर गेलं की घूंऽऽ असा आवाज यायला लागला, तू हॉस्टेलवर घोरायचीस ना, सेम तो सूर. आपल्या नेहमीच्या गॅरेजला नेली. माझं अर्धंच ऐकून तो म्हणाला गिअरबॉक्स खोलावा लागेल, ब्रेक पॅडही संपलेत, गाडी ठेवून जा. आणि वर, "सोबत कोणी आलं नाही का?" पूर्वी अशा वेळी तू बोलायचीस आणि मी मागे उभी राहायचे. यावेळी मागे जायला जागाच नव्हती गं.

मी म्हटलं आधी माझ्याबरोबर ट्रायल मारा, मग सांगा. मी आठवडाभर वहीत लिहून ठेवलं होतं, आवाज गाडीच्या स्पीडने वाढतो, मोकळ्या रस्त्यावर क्लच दाबला की इंजिन शांत होतं पण घूं तसाच राहतो, आणि लांब वळणावर गाडी डावीकडे वळताना तो वाढतो, उजवीकडे वळताना कमी होतो. काय खराब झालंय ते मला माहीत नव्हतं, माहीत असल्याचं नाटकही केलं नाही, फक्त कधी होतं आणि कधी होत नाही तेवढं सांगितलं. तो म्हणाला ट्रायलची गरज नाही, अनुभव आहे. मग पॅड किती मिलिमीटर उरलेत ते मोजून दाखवा म्हटलं, नवीन साधारण दहा-बारा असतात आणि तीनच्या आसपास आले की बदलतात एवढं वाचून गेले होते. मोजले तर सात! मग ते राहू दे म्हटलं. ब्रेक ऑइल मात्र बदलायला सांगितलं, ते हवेतला ओलावा ओढतं आणि आपल्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये दर दोन वर्षांनी लिहिलंय, आपलं तीन वर्षं झालं होतं. गिअरबॉक्सला हात लावू नका म्हटलं आणि गाडी घेऊन निघाले. हात थरथरत होते, पण निघाले.

दुसऱ्या ठिकाणच्या मिस्त्रीने वही वाचली आणि आधी चावी मागितली. दोन वळणं घेऊन म्हणाला, डावीकडे वळताना गाडीचा भार उजव्या बाजूला येतो, उजव्या चाकाचं बेअरिंग बघू. जॅकवर घेऊन चाक हाताने फिरवलं आणि माझा हात चाकामागच्या सस्पेन्शनच्या स्प्रिंगवर ठेवायला लावला. चिमे, ती खरखर चक्क बोटांना कळत होती! एस्टिमेट लिहून घेतलं, त्यापुढे काही निघालं तर आधी फोन, असं त्यावरच लिहायला लावलं, आणि जुना पार्ट मला परत हवा म्हणून सांगितलं.

आणि तिथेच मला तू आठवलीस. तो दिवस, जुना क्लच मागितलास म्हणून मी तुला सगळ्यांसमोर "किती भांडतेस" म्हणाले आणि बाहेर निघून गेले. पंधरा दिवस आपण बोललो नाही. तू भांडत नव्हतीस, तू फक्त विचारत होतीस, ते मला इतक्या वर्षांनी, हात काळे झाल्यावर कळलं. माफ कर. (पण डबा तूच सांडला होतास, ते मी सोडणार नाही.)

आता खरी गोष्ट, जी मी इथे कोणाशी बोलू शकत नाही. आवाज गेला, गाडी मस्त चालते, पण मला झोप नाही. बाबा बारा वर्षं त्या जुन्या गॅरेजला जातायत, डोळे मिटून बिलं भरतायत. पाच वर्षांपूर्वीचं ते मोठं काम आठवतं ना? तेही असंच न बघता केलं होतं का? बाबांना सांगितलं तर त्यांना किती लागेल. मला तो माणूस चोर वाटत नाही, खरंच, चोर असता तर पॅड मोजून दाखवलेच नसते. त्याला फक्त कोणी विचारलंच नाही इतकी वर्षं, म्हणून बघायची सवय गेली असं वाटतं. मग त्याला जाऊन सांगावं का, की बेअरिंग होतं? अपमान वाटेल का? पण पुढच्या माणसाचा गिअरबॉक्स तरी वाचेल. तू असतीस तर सरळ गेली असतीस, मला माहितीय. मी शनिवारी जायचं म्हणतेय, त्याआधी लिही.

तुझी नवी नोकरी, घर शिफ्टिंग, धाकटीची परीक्षा, सगळं सविस्तर कळव, मी नीट विचारलंच नाही.

आणि ते बेअरिंग मी कागदात गुंडाळून कपाटात ठेवलंय. आलीस की तुझ्या हातात देते, फिरवून बघ.

तुझी,
मनी