पिसाळलेला नव्हे, मद चढलेला हत्ती

महोदय,

‘पिसाळलेल्या हत्तीने माहुताला चिरडले’ असे मथळे सगळ्याच वर्तमानपत्रांत वाचतो आणि दर वेळी मनाला लागते. पिसाळते ते रेबीज झालेले कुत्रे. विषाणू त्याच्या मेंदूत शिरलेला असतो, ते थोड्याच दिवसांत मरते. हत्तीला चढतो तो मद, आणि काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी तो उतरतोही. दोन्ही गोष्टींना एकच शब्द लावला की माणसे हत्तीचा जीव मागू लागतात.

मदाच्या काळात नराच्या रक्तातले टेस्टोस्टेरॉन हे संप्रेरक कितीतरी पटींनी वाढते. मेंदूतल्या राग, भीती आणि समागमाशी जोडलेल्या भागांवर त्याचा थेट परिणाम होतो. त्याला दुष्टपणा कसा म्हणायचा?

आमच्या आजरा भागात उसाला टस्कर, म्हणजे सुळेवाले नर हत्ती, येतात. एकदा संध्याकाळी बांधावरून एक पाहिला. डोळा आणि कान यांच्या मधली जागा फुगलेली, तिथून काळपट चिकट पाणी गालावरून तोंडापर्यंत ओघळलेले, मागचे पाय आतून लघवीने भिजलेले. वास वाऱ्यावर आमच्यापर्यंत आला. वनखात्याचा मजूर हळूच म्हणाला, “काका, मागं फिरा. मद आलाय त्येला.” आम्ही फिरलो.

दक्षिण आफ्रिकेतल्या पिलानेसबर्ग राष्ट्रीय उद्यानाची हकीकत तर प्रत्येक वनाधिकाऱ्याला पाठ हवी. तिथल्याच क्रूगर राष्ट्रीय उद्यानात कळपातले मोठे हत्ती मारून उरलेली पोरकी पिल्ले पिलानेसबर्गला नेली होती. वडीलधारा नर एकही नाही. ती वाढली आणि वयाच्या मानाने फार लवकर मदात येऊ लागली आणि फार काळ मदात राहू लागली. १९९२ ते १९९७ या काळात या तरण्या नरांनी चाळीसहून अधिक पांढरे गेंडे मारले. १९९८ मध्ये क्रूगरमधून सहा प्रौढ नर आणून सोडले. थोराशी गाठ पडली की तरण्यांचा मद ओसरू लागला, गेंडे मरायचे थांबले. नुसत्या थोरल्यांच्या वावराने पोरांच्या रक्तातले रसायन बदलले.

म्हणून विनंती अशी की, हत्तीच्या हल्ल्याची बातमी देताना तो मदात होता का, हे वनखात्याला विचारून छापावे. आणि हत्ती आल्याचा निरोप गावोगावच्या ग्रुपवर येतो, त्यात गालावरच्या ओघळाची खूणही वनखात्याने सांगावी. पहाटे उसाला पाणी पाजायला जाणाऱ्याला ती कामाला येईल.

— एक वाचक, आजरा (जि. कोल्हापूर)