‘सर्वांत मोठी मूळ संख्या’: तक्ता दुरुस्त करा

महोदय,

सांगली-मिरजेकडच्या शाळांच्या विज्ञान प्रदर्शनांत गणिताच्या दालनात ‘जगातील सर्वांत मोठी मूळ संख्या’ असा तक्ता लागतो. हे शीर्षकच चूक आहे. मूळ संख्या कधी संपत नाहीत, हे युक्लिडने दोन हजार वर्षांपूर्वी सिद्ध केले. ‘आजवर सापडलेली’ हे दोन शब्द त्यात हवेतच.

ऑक्टोबर २०२४ मध्ये, संगणकांवर अशा मोठ्या मूळ संख्या शोधणाऱ्या ‘गिम्प्स’ प्रकल्पातील ल्यूक ड्युरँट यांना सापडलेली संख्या अशी : २ चा १३,६२,७९,८४१ वा घात, वजा १. तिच्यात ४,१०,२४,३२० अंक आहेत. हा आकडा मुलांकडून काढून घेता येतो; घातांकाला २ च्या (१० पायाच्या) लॉगने गुणायचे आणि उत्तराच्या पूर्णांक भागात १ मिळवायचा. मात्र लॉगच्या पुस्तकातील ०.३०१० घेतला तर ४,०८७ अंक कमी भरतात. ०.३०१०३ घेतला तरी एक अंक जास्त येतो. ०.३०१०२९९९५७ घ्या, मग बरोबर जुळते. दशांशस्थळे का सांभाळायची, हे शिकवायला याहून चांगले उदाहरण नाही.

शेवटचा अंक तर सातवीतला मुलगाही सांगेल. २ च्या घातांचे शेवटचे अंक २, ४, ८, ६ असे फिरत राहतात. घातांकाला ४ ने भागल्यावर १ उरतो, म्हणजे घात २ वर संपतो आणि आपली संख्या १ वर.

घातांक मूळ असला की संख्याही मूळ, हा समज मात्र खोडायला हवा. ११ मूळ आहे, पण २ चा ११ वा घात वजा १ म्हणजे २०४७, आणि २०४७ = २३ × ८९. म्हणून लुकास-लेमर चाचणी, म्हणजे ‘२ चा घात वजा १’ अशी संख्या मूळ आहे का हे ठरवणारी रीत, लागते. ३१ साठी ती फळ्यावर होते. ३१ म्हणजे २ चा ५ वा घात वजा १; इथे घातांक ५, म्हणून पायऱ्या ५ − २ = ३. सुरुवात ४ पासून. दर वेळी वर्ग करा, २ वजा करा, ३१ ने भागून बाकी ठेवा : १४, मग १९४ ची बाकी ८, मग ६२ ची बाकी ०. शेवटी शून्य आले, म्हणजे ३१ मूळ. २०४७ साठी अशाच नऊ पायऱ्या केल्या तर शेवटी १७३६ उरतात. मधल्या एका पायरीत बाकी चुकली की पुढचे सगळे वाया जाते, आणि नव्या संख्येसाठी अशा साडेतेरा कोटींहून जास्त पायऱ्या आहेत. म्हणूनच ती वेगवेगळ्या यंत्रांवर पुन्हा तपासली गेली.

बँकांची गुपिते याच संख्येवर चालतात, असेही काही तक्ते सांगतात. तसे नाही. तिथे सुमारे तीनशे अंकी आणि कोणालाही माहीत नसलेल्या मूळ संख्या लागतात. जगजाहीर संख्येचा तिथे काय उपयोग?

तक्त्यावर अंकांच्या रांगा छापण्यापेक्षा ३१ ची ती तीन ओळींची चाचणी छापावी, ही शिक्षकांना विनंती.

— गणिताचे शिक्षक, विश्रामबाग, सांगली