तीन की चार

अंबरनाथ,
रविवार रात्र

प्रिय मंगल,

सप्रेम नमस्कार. बापूकाकांच्या तेराव्यानंतर आपण एका शब्दाने बोललो नाही. चूक माझी होती. ती केवढी होती हे मला परवा कल्याणला कळलं, म्हणून लिहितेय. इकडे सगळे बरे. आईचे गुडघे तसेच.

अगं, मी मशीन घेतलं. एक नाही, दोन! सोफा-कुशनचं काम शिकायचं ठरवलंय. पॅकिंगची नोकरी सुटली, हिशेबाचे पैसे हातात आले. ह्यांचं म्हणणं बँकेत ठेवावेत. मी मात्र उल्हासनगरला कॅम्प पाचमध्ये गेले आणि बंद पडलेल्या एका जीन्सच्या कारखान्यातलं मशीन अकरा हजारांना घेऊन आले. दलाल म्हणाला, जीन्स शिवतं ते काहीही शिवेल. जाड कापड शिवतं, खोटं नाही. पण रेक्झिन, फोम आणि मध्ये पायपिंग, म्हणजे कडेची दोरी घातलेली पट्टी, घातली की खालचे दाते खालचा थर ओढून नेतात आणि वरचं रेक्झिन फुटाला, म्हणजे वरून दाबणाऱ्या पायाला, चिकटून मागेच राहतं. हातभर शिवणीत बोटभर फरक. आणि रेक्झिन उसवलं की भोकं राहतात, कापडासारखी बुजत नाहीत. तुकडाच वाया.

मग फर्निचरवाल्या पोराने सांगितलं, ताई, तुम्हाला वॉकिंग फूट पाहिजे. त्यात वरचा फूटही पाऊल टाकतो, सुईही मालाबरोबर सरकते, दाते, फूट, सुई तिघं मिळून पुढे नेतात. तो सांगत होता आणि माझ्या कानात काकांच्या मशीनची टकटक. ‘म्हातारा चालला’ म्हणायचो ना आपण? खरंच चालत होतं गं ते! त्याच मशीनवर तू गणवेशाचा स्कर्ट रिक्षाच्या सीटला शिवून घेतलास आणि उठलीस ती सीटसकट. काका रागवायला म्हणून आले आणि हसून हसून खाली बसले.

तर कल्याणला, रिक्षाच्या सीटा करणारे एक आजोबा काम बंद करत होते. जुनं जुकी कंपनीचं वॉकिंग फूट मशीन, चौतीस हजार. या वेळी मी चाक हाताने फिरवून कुठे अडतं का पाहिलं, शटलच्या टोकावरून नख फिरवलं, घरून नेलेल्या रेक्झिनचे चार पदर शिवून घेतले. मोटर थ्री फेजची होती, ती घरात चालणार नाही, म्हणून घरच्या विजेवर चालणारी सर्व्हो मोटर वेगळी घेतली. मशीन टेंपोत चढवल्यावर आजोबांनी खांद्यावरच्या पंच्याने त्याच्यावरचं तेल पुसलं. स्वच्छच होतं. परत पुसलं. मग चाकावर तळवा ठेवून तसेच उभे राहिले. टेंपोवाल्याने दोनदा हॉर्न दिला तरी हलेनात.

आणि मी तुला तेराव्याला, पंगत उठायच्या आत म्हणाले होते, “भंगारात देऊन टाक, जागा तरी मोकळी होईल.” तू भरलं ताट ठेवून उठलीस. मला तेव्हा तुझाच राग आला होता. मंगल, मला माफ कर. काकांचं मशीन अजून आहे का, हे विचारायचं धाडस होत नाही.

घरी आणल्यावर दोन दिवस टाकाच पडेना. दुकानदाराने साध्या मशीनच्या डीबी सुया दिल्या होत्या, याला डीपी १७ लागते. डीबी सुई आखूड, शटलला दोरा सापडणार कुठून! सुई बदलली आणि पहिला टाका पडला तेव्हा मी एकटीच रडले.

हे काही बोलत नाहीत. रात्री मशीनला वळसा घालून झोपायला जातात. बोलले असते तर भांडले तरी असते. पंचेचाळीस हजार मोटर सोडून गेले, मला झोप येत नाही. लोक विचारतात, कारागीर कोण? मी म्हटलं ‘मीच’, की ‘घरी विचारून सांगतो’. शेजारच्या वहिनींनी मात्र दोन कुशनं दिलीत, पाडव्याच्या आत हवीत. ती बिघडली तर या गल्लीत तिसरं येणार नाही.

राजूच्या ॲडमिशनचं झालं का? सासूबाईंचं ऑपरेशन अण्णांकडून कळलं, आता हिंडत-फिरत असतील. तुझी शाळा कशी आहे?

सरळ शिवण आता बरी येते. कोपऱ्यावर पायपिंग गोळा होतं. कोपरा आला की काका सुई खाली रोवून ठेवायचे, फूट उचलायचे आणि पायपिंगच्या पट्टीला कात्रीने काप द्यायचे, एवढं मला डोळ्यांसमोर दिसतं. पण किती काप? कात्री तू धरायचीस. मी दोन दिले तर चुणी पडली, पाच दिले तर पट्टी फाटली. तीन की चार? बोलावंसं वाटत नसेल तर नुसता आकडा पाठव.

तुझीच,
शालन